पंच नसलेला खेळ

(कोगनोळी येथे गणेशोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीपुढच्या व्याख्यानाला गोल्फ हा विषय म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आपला भाग कुस्तीचा. शेजारी कागल, पलीकडे कोल्हापूर. तालमीची माती कपाळाला लावून मोठी झालेली माणसे इथे बसली आहेत. त्यांना साहेबांचा हा खेळ कशाला सांगायचा?

याचे उत्तर आपल्या गावावरून जाणाऱ्या रस्त्यातच आहे. हा महामार्ग धरून वर गेले की कागल, कोल्हापूर, सातारा, पुणे. खाली गेले की निपाणी, बेळगाव, हुबळी आणि शेवटी बेंगळूर. या रस्त्याच्या एका टोकाला नाहीतर दुसऱ्या टोकाला कुणीतरी नोकरीला नाही, असे घर आज आपल्याकडे शोधावे लागेल. तिथे कधीतरी कंपनीचा वरिष्ठ म्हणतो, "शनिवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर या." मग पोरगा किंवा पोरगी घरी फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते, बूट कुठले घालू? बुटांचे आम्ही पुढे सांगूच. पण त्या मैदानावर माणसाची पारख बुटांवरून होत नाही, ती कशावरून होते ते आधी सांगायचे आहे.

आम्ही नोकरीची बरीच वर्षे बाहेर काढली आणि हा खेळ पन्नाशीनंतर शिकलो. आम्ही कुणी नामांकित खेळाडू नाही. नवख्याला जे अडते ते आम्हालाही अडले, एवढाच आमचा अधिकार.

खेळ आपल्या दारापर्यंत कसा आला

गोल्फ मूळचा स्कॉटलंडचा. त्याचे लिहून ठेवलेले सर्वांत जुने नियम १७४४ सालचे आहेत. एडिंबरोजवळच्या लीथ या ठिकाणी खेळणाऱ्यांनी ते केले आणि ते मोजून १३ होते. इंग्रजांबरोबर खेळ आपल्याकडे आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा, बेंगळूरचा १८७६ चा. जिथे छावणी तिथे गोल्फचे मैदान, अशी त्या काळची रीत होती. पुण्यात येरवड्याला मैदान झाले, देवळालीला झाले आणि आपल्या बेळगावच्या कॅम्पातही झाले. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केलेली माणसे या पट्ट्यात गावोगावी आहेत. त्यांनी ते मैदान नक्की पाहिले असेल.

ज्यांनी पाहिले नाही त्यांनीही त्याचे नाव २०२२ च्या ऑगस्टमध्ये रोज पेपरात वाचले. बेळगावात बिबट्या शिरला आणि गोल्फ मैदानाच्या झाडीत दडून बसला. आजूबाजूच्या शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. वनखात्याने शोधासाठी सक्रेबैलच्या छावणीतून हत्ती आणले. गंमत अशी की गोल्फच्या नियमांत याचीही सोय आहे. चेंडू विषारी साप, मधमाश्या, मगर, अस्वल अशा जिवाला धोका करणाऱ्या प्राण्याजवळ पडला, तर खेळाडूने तिथून खेळायची गरज नाही. दंड न घेता सुरक्षित जागी चेंडू टाकून पुढे खेळावे. नियमाच्या यादीत बिबट्याचे नाव नाही, पण बेळगावकरांशी कुणी त्यावरून वाद घालणार नाही.

खेळ दोन मिनिटांत

मैदानावर अठरा होल असतात. काही लहान मैदानांवर नऊच असतात आणि तीच दोनदा खेळतात. प्रत्येक होलला सुरुवातीची जागा असते, तिला टी म्हणतात. तिथून पुढे कापलेल्या गवताचा पट्टा, तो फेअरवे. त्याच्या दोन्ही बाजूंना वाढलेले गवत, तो रफ. मध्ये कुठे वाळूचे खड्डे, ते बंकर. कुठे तळे, कुठे ओढा. शेवटी गालिच्यासारखे बारीक कापलेले गवत, ते ग्रीन. ग्रीनवर सव्वाचार इंच रुंदीचे भोक आणि त्यात झेंडा. साधारण ४६ ग्रॅमचा चेंडू टीवरून मारत न्यायचा आणि कमीत कमी फटक्यांत त्या भोकात घालायचा. झाला खेळ.

चेंडू मारायच्या काठीलाही क्लबच म्हणतात. गोंधळ नको म्हणून आम्ही काठी म्हणू. पिशवीत चौदापेक्षा जास्त काठ्या ठेवता येत नाहीत. प्रत्येक होलला चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत तो आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. तीन, चार किंवा पाच. अठरा होलची बेरीज बहुधा ७२ च्या आसपास येते. पारपेक्षा एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. नवख्याला सगळीकडे बोगीच्याही वर दोन-तीन लागतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आपले फटके आपणच मोजायचे

आता मुख्य गोष्ट. कुस्तीला पंच आहे, कबड्डीला पंच आहे, क्रिकेटला तर दोन उभे असून तिसरा पडद्यामागे आहे. गोल्फच्या मोठ्या स्पर्धांत नियम सांगायला अधिकारी असतात, पण रोजच्या खेळात कुणी नसते. चार जण चार दिशांना चेंडू शोधत फिरतात. झाडीत तुम्ही एकटे असता. तिथे तुम्ही दोन फटके मारले की तीन, हे तुम्हाला आणि वरच्यालाच ठाऊक. नियमाचे पुस्तक सांगते की दंड लागला असेल तर तो खेळाडूने स्वतः ओळखायचा, स्वतः सांगायचा आणि स्वतः कार्डावर चढवायचा.

हा चांगुलपणाचा सल्ला नाही. खेळाची बांधणीच तशी आहे. चेंडू मारण्याच्या इराद्याने काठी फिरवली आणि चेंडूला लागलीच नाही, तरी तो फटका मोजायचा. पाहणाऱ्याला वाटेल सराव केला. इरादा काय होता हे फक्त मारणाऱ्याला माहीत. मैदानावर पहिल्या तासातच ही परीक्षा येते आणि शेजारचे जाणते खेळाडू काही न बोलता ती बघत असतात.

दुसरा नियम, चेंडू जसा पडला तसा खेळायचा. गवताच्या बुडख्यात रुतला असेल तर तसाच. आपल्याकडे शेतीत एक शब्द आहे, बांध कोरणे. नांगरताना दरवर्षी वीतभर सरकायचे. एका वर्षात कुणाच्या लक्षात येत नाही, दहा वर्षांत एक तास शेजाऱ्याचा गेलेला असतो. त्या वीतभर मातीपायी भाऊ भावाशी बोलेनासा होतो, हे आपण बघतो. गोल्फमध्ये बुटाच्या टोकाने चेंडू हळूच चांगल्या गवतावर सरकवणे म्हणजे बांध कोरणेच. फरक इतकाच की इथे शेजाऱ्याची जमीन जात नाही, आपला शब्द जातो. एकदा गेला की पुढच्या शनिवारी बोलावणे येत नाही आणि का येत नाही हेही कुणी सांगत नाही.

याची दोन उदाहरणे गोल्फ खेळणारे जगभर सांगतात. अमेरिकेचा बॉबी जोन्स हा त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू. १९२५ च्या यूएस ओपन स्पर्धेत रफमध्ये काठी टेकवताना आपला चेंडू किंचित हलला, असे त्याने सांगितले. दुसऱ्या कुणीही पाहिले नव्हते. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोपवला आणि त्याने स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. शेवटी तो विली मॅकफार्लेनच्या बरोबरीत आला आणि पुढच्या निर्णायक खेळात एका फटक्याने हरला. तो एक दंड नसता तर स्पर्धा त्याचीच होती. लोक स्तुती करू लागले तेव्हा त्याला ती आवडली नाही. चोरी केली नाही म्हणून कुणी शाबासकी देते का, असा त्याचा रोख होता.

दुसरा अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे व्हिसेंझो. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस, १४ एप्रिल, त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. तो ६५ फटक्यांत अप्रतिम खेळला. रिवाजाप्रमाणे त्याचे कार्ड सोबतचा खेळाडू लिहीत होता. त्याने सतराव्या होलला तीनऐवजी चार लिहिले. दे व्हिसेंझोने न तपासता सही केली. खरे तीन फटके हजारो लोकांनी पाहिले होते, दूरदर्शनवरही दिसले होते. पण सही केलेल्या कार्डावर जास्त आकडा असेल तर तोच धरायचा, असा नियम. बरोबरी हुकली, स्पर्धा गेली. त्याने सोबत्याला दोष दिला नाही, नियमाला नावे ठेवली नाहीत. स्वतःच्या निष्काळजीपणाला नावे ठेवून तो मोकळा झाला.

कार्ड वाचून, बेरीज पडताळून मगच सही करा, हा त्यातला धडा. कर्जाच्या कागदावर न वाचता सही केल्याचे परिणाम आपल्या शेतकऱ्याला सांगायला नकोत.

हद्द

गोल्फमध्ये हद्दीचा नियम फार महत्त्वाचा. मैदानाची सीमा पांढऱ्या खुंट्यांनी दाखवतात. चेंडू त्याबाहेर गेला की एक फटका दंड आणि पुन्हा पहिल्याच जागेवरून खेळायचे. म्हणजे अंतरही गेले आणि फटकाही गेला.

कोगनोळीच्या माणसाला हद्द समजावून सांगायला नको. २०२१ मध्ये करोनाच्या तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय आपल्याच नाक्यावरून इकडे येता येत नव्हते. कागलला दिलेली लेक माहेरी यायची तरी कागद. गोल्फची हद्द त्या मानाने दयाळू आहे. चेंडूचा थोडासा भाग जरी सीमेच्या आत असला, तरी तो आतच धरतात. आणि खेळाडू स्वतः हद्दीबाहेर उभा राहून हद्दीतला चेंडू मारू शकतो. उभे कुठे आहात हे बघत नाहीत, चेंडू कुठे आहे ते बघतात. हा नियम आम्हाला प्रथम कळला तेव्हा वाटले, तो सीमाभागातल्याच कुणीतरी केला असावा.

चेंडू सापडत नसेल तर शोधायला तीन मिनिटे मिळतात. पूर्वी पाच होती, २०१९ च्या नव्या नियमांनी तीन केली. तीन मिनिटांत सापडला नाही तर हरवला असे धरायचे आणि शिक्षा हद्दीबाहेरचीच. म्हणून चेंडू झाडीत गेल्याची शंका आली की पुढे जाण्याआधी "तात्पुरता चेंडू मारतो" असे सोबत्यांना मोठ्याने सांगून दुसरा मारून ठेवावा. पहिला सापडला तर दुसरा उचलायचा. सांगायला विसरलात तर दुसराच खरा धरला जातो. काही मैदानांवर रोजच्या खेळासाठी मागे न जाता दोन फटके दंड घेऊन पुढे खेळायची मुभा असते. तशी आहे का, ते सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

नवख्याला लागणारे आणखी काही नियम

लाल किंवा पिवळ्या खुंट्या म्हणजे तळे, ओढा अशी दंडाची जागा. चेंडू तिथून मारता आला तर मारा, दंड नाही. नाहीतर एक फटका दंड घेऊन बाहेर टाका. चेंडू टाकताना तो गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. हाही २०१९ चा बदल. त्याआधी खांद्याच्या उंचीवरून सोडत.

चेंडू बाभळीच्या बुडात अडकला आणि मारता येत नाही, असे वाटले तर तसे जाहीर करायचा अधिकार खेळाडूचा आहे. एक फटका दंड आणि तीन पर्याय. मागच्या जागी परत जा. किंवा झेंडा आणि चेंडू एका रेषेत धरून त्याच रेषेत हवे तेवढे मागे या. किंवा दोन काठ्यांच्या लांबीत, झेंड्याच्या जवळ न जाता, बाजूला टाका.

बंकरमध्ये मारण्याआधी काठी वाळूला टेकवून अंदाज घेता येत नाही. चेंडूजवळचा वाळका पाला, काडी उचलता येते, पण चेंडू हलता कामा नये.

ग्रीनवर चेंडूमागे नाणे ठेवून तो उचलता आणि पुसता येतो. झेंडा आता भोकात तसाच ठेवून खेळले तरी चालते. ग्रीनवर चुकून चेंडू हलला तर दंड नाही, परत होता तिथे ठेवायचा. चेंडू शोधताना पाय लागून हलला तरी तसेच.

स्वतःच्या चेंडूवर पेनाने खूण करून ठेवा. सगळे चेंडू पांढरे, एकाच कंपनीचे. दुसऱ्याचा चेंडू मारला तर दोन फटके दंड.

स्पर्धेत सोबतच्या खेळाडूला "इथे कुठली काठी घेऊ?" असे विचारायचे नाही. त्याला दोन फटके दंड आहे. झेंडा किती लांब आहे, हे मात्र कुणालाही विचारता येते. सल्ला आपल्या कॅडीलाच विचारायचा, म्हणजे आपली पिशवी घेऊन चालणाऱ्याला.

मागून येणाऱ्याचा विचार

गोल्फच्या रीतीभाती पूर्वी पुस्तकात वेगळ्या छापलेल्या असत. २०१९ पासून खेळाडूचे वागणे पहिल्याच नियमात घातले आहे. त्या सगळ्या रीतींत एक सूत्र आहे. आपल्यामागून कुणीतरी येत आहे.

काठीने गवताचा तुकडा उडाला तर तो उचलून जागेवर दाबायचा किंवा खड्ड्यात वाळू भरायची. बंकरमधून निघताना दंताळ्याने आपल्या पावलांचे ठसे पुसायचे. ग्रीनवर चेंडू पडून खळगा झाला तर नीट करायचा. नदीवर पाणी भरताना दुसऱ्यासाठी पायरी धुऊन ठेवणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. ही तीच रीत.

मागच्यांचा वेळही आपल्या हातात असतो. आपली पाळी आली की चाळीस सेकंदांत मारावे, असे नियमच सुचवतो. एखादा सराव पुरे. मित्रांच्या खेळात जो तयार असेल त्याने आधी मारावे, लांबचा कोण आणि जवळचा कोण हे मोजत बसू नये. आपण मागे पडलो आणि मागची मंडळी खोळंबली, तर बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी. नवख्याचे एका होलला आठ-दहा फटके झाले, तर मित्रांच्या खेळात चेंडू उचलून पुढच्या होलला जाणे हे शहाणपण समजतात.

दुसरा मारत असताना बोलू नये, हलू नये, त्याच्या अगदी मागे उभे राहू नये. ग्रीनवर त्याचा चेंडू आणि भोक यांच्यामधल्या रेषेवर पाय ठेवू नये, आपली सावलीही पडू देऊ नये. मोबाइल बंद. चेंडू कुणाच्या दिशेने गेला तर लाज न धरता जोरात "फोर!" म्हणून ओरडावे. तो चेंडू डोक्याला लागला तर जीव जाऊ शकतो. पुढचे लोक टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मारायचेच नाही.

आता बूट. तळव्याला रबरी बोंडे असलेले गोल्फचे बूट मिळतात. नसतील तर सपाट तळाचे खेळायचे बूट बहुतेक ठिकाणी चालतात. कॉलरचा शर्ट, साधी पँट. जीन्स आणि बिनकॉलरचे बनियनी शर्ट बऱ्याच क्लबांत चालत नाहीत. आदल्या दिवशी फोन करून विचारावे आणि अर्धा तास आधी पोचावे.

पिशवी उचलणारा

कॅडीविषयी जरा थांबून बोलायला हवे, कारण तिथे आपल्याच गावाकडचा माणूस भेटण्याची शक्यता जास्त. बऱ्याच ठिकाणी कॅडीला महिन्याचा पगार नसतो. फेरीमागे मिळेल ते. पावसाने मैदान बंद तर चूल बंद. तो दहा-पंधरा किलोची पिशवी घेऊन उन्हात चार तास चालतो. मैदानाचा उतार, वारा, गवत त्याला तोंडपाठ असते.

नवखा खेळाडू त्याला "ए, इकडे ये" म्हणतो, तेव्हा तो खेळ शिकायच्या आधीच नापास झालेला असतो. वयाने मोठा असेल तर काका, मामा म्हणा. नाव विचारा. सल्ला विचारला तर ऐका. फेरी संपली की ठरलेले पैसे हातात द्या, उद्यावर टाकू नका. नियमही या बाबतीत कडक आहे. कॅडीने खेळताना नियम मोडला तर दंड कॅडीला नाही, खेळाडूला होतो. ज्याला कामाला लावले त्याची जबाबदारी आपली, त्याच्या नावावर चूक ढकलून सुटता येत नाही.

आणि हा माणूस कोण होईल सांगता येत नाही. दिल्लीचे अली शेर कॅडीचे काम करत खेळ शिकले. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले आणि १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये बेंगळूरची अदिती अशोक चौथी आली. एका फटक्याने पदक हुकले. तेव्हा तिची पिशवी कुणी उचलली होती? तिच्या आईने. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताकडून उदयन माने आणि पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरीही खेळले. म्हणजे खेळ इतका परकाही राहिलेला नाही.

लहान-मोठ्यांचा एकत्र खेळ

कुस्तीत वजनाचा गट असतो. गोल्फमध्ये हँडिकॅप असतो. आपल्या नेहमीच्या खेळावरून एक आकडा ठरतो आणि तो एकूण फटक्यांतून वजा होतो. समजा सुनेचा हँडिकॅप २० आहे आणि तिला ९५ फटके लागले, तर तिचे झाले ७५. सासऱ्यांचा हँडिकॅप ६ आहे आणि त्यांना ८२ लागले, तर त्यांचे ७६. सून जिंकली. सत्तरीचा माणूस आणि वीस वर्षांची नात एका डावात खरोखरीच्या चुरशीने खेळू शकतात, असे खेळ जगात फार नाहीत.

पण ही व्यवस्थाही खऱ्या आकड्यांवर उभी आहे. वाईट खेळ लपवून कार्ड चांगले दाखवणारा जसा फसवतो, तसाच मुद्दाम कच्चा खेळून हँडिकॅप वाढवून घेणारा आणि स्पर्धेच्या दिवशी बक्षीस नेणाराही फसवतो. उसाच्या वजनकाट्यावर आपण ज्याला काटामारी म्हणतो, तीच ही. काट्यावर आपली फसवणूक झाली की आपण रस्त्यावर उतरतो. काटा आपल्याच हातात दिला तर आपण काय करतो, हे गोल्फ दाखवतो.

आता एक रास्त आक्षेप. अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि गवताला बारमाही पाणी. दुधगंगेच्या पाण्याची पाळी रात्री जागून धरणाऱ्या शेतकऱ्याला हे खटकले तर त्यात गैर काही नाही. क्लबांची सभासद फीही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून आम्ही गावागावात गोल्फ न्या असे म्हणत नाही. ज्याला शिकायचे आहे त्याने सभासद नसलेल्यांना खेळू देणारी मैदाने शोधावीत. खारघरला सिडकोने केलेले मैदान तसे आहे. शहरांत सरावाच्या जागा असतात, तिथे काही पैसे भरून टोपलीभर चेंडू मारता येतात. आधी तिथे महिना-दोन महिने हात बसवावा, मग मैदानावर जावे. काठ्या पहिल्याच दिवशी विकत घेऊ नयेत. भाड्याने मिळतात, जुन्याही मिळतात.

आणि ज्यांना कधीच खेळायचे नाही, त्यांच्यासाठीही यात घेण्यासारखे आहे. आपल्या मंडळात उत्सव संपल्यावर खजिनदार उभा राहून जमाखर्च वाचतो. मांडवाला इतके, प्रसादाला इतके, शिल्लक इतकी. बहुतेक जण ऐकतही नाहीत, मुले खेळत असतात, कुणी खुर्च्या गोळा करत असतो. तरी तो शेवटचा रुपयासुद्धा वाचतो. आपल्या मुलांनी हे वाचन लहानपणापासून ऐकले आहे. ती पुण्यात किंवा बेंगळुरात मैदानावर गेली आणि झाडीतून बाहेर येऊन कुणी न विचारता म्हणाली, "माझे सात झाले," तर समजावे की त्यांना खेळ आला. काठी कशी धरायची ते कुणीही शिकवील.

 प्रश्न असतील तर आरतीनंतर बसू.

गणपती बाप्पा मोरया!